कोठडीचे मोल आणि मालखान्याचा हिशेब

खेड्यापाड्यांत कोंडवाड्याचा कायदा म्हणून जो ओळखला जातो, त्या १८७१ सालच्या कायद्यात इंग्रज सरकारने एक तरतूद मोठ्या विचाराने घालून ठेविली होती. एखाद्या शेतकऱ्याचे जनावर कोणी बेकायदा धरून कोंडवाड्यात घातले, तर त्याने दहा दिवसांच्या आत मॅजिस्ट्रेटापुढे फिर्याद करावी. धरपकड बेकायदा होती असे चौकशीत ठरले, तर धरणाऱ्याने मालकास शंभर रुपयांपर्यंत वाजवी भरपाई द्यावी आणि जनावर सोडवून आणण्यासाठी त्याने भरलेला दंड व केलेला खर्चही वर भरून द्यावा, असे त्या कायद्याचे बाविसावे कलम सांगते. यानंतर एकशेदोन वर्षांनी, स्वराज्य मिळून पाव शतक उलटल्यावर, आपल्या संसदेने १९७३ ची फौजदारी प्रक्रिया संहिता मंजूर केली आणि तिच्या ३५८ व्या कलमात, पुरेसे कारण नसताना ज्याला अटक करविण्यात आली अशा माणसाच्या वेळेच्या व पैशाच्या नुकसानीबद्दल भरपाईची जी कमाल मर्यादा घातली, तीही शंभर रुपयांचीच. शिवाय ही रक्कम अटक करणाऱ्या पोलिसाने द्यावयाची नसून, ज्याच्या सांगण्यावरून अटक झाली त्या इसमाने द्यावयाची. २००५ च्या दुरुस्तीने शंभराचे हजार झाले. आणि १ जुलै २०२४ पासून जी भारतीय नागरिक सुरक्षा संहिता अमलात आली, तिच्या ३९९ व्या कलमाने ते हजार रुपये आहेत तसे उचलून घेतले. १८७१ साली शंभर रुपयांत काय येत असे आणि आज हजार रुपयांत काय येते, हे वाचकांस सांगावयास नको.

निरपराध माणसाला कोठडीत घातले, त्याचे सामानसुमान जप्त करून मालखान्यात टाकले, आणि पुढे न्यायालयाने हे सारे गैर होते असे ठरविले, तर त्या माणसाला शासनाकडून काय मिळते, या प्रश्नाचे उत्तर शोधावयाचे तर चंद्रपूर आणि गडचिरोली या दोन अरण्यमय जिल्ह्यांइतके योग्य स्थळ महाराष्ट्रात दुसरे नाही. २६ ऑगस्ट १९८२ पर्यंत हे दोन जिल्हे एकच होते. जुनी माणसे अजूनही दोघांस मिळून चांदाच म्हणतात. वैनगंगेच्या पूर्वेकडील सागवान-बांबूची जंगले, इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम यांच्या संगमावर वसलेले आणि पावसाळ्यात पुलावरून पाणी गेले की जगापासून तुटणारे भामरागड, माडिया आणि गोंड यांची विखुरलेली गावे, आणि या सर्वांवर गेली चाळीसहून अधिक वर्षे पडलेली बंदुकीची सावली: अशा मुलखात पोलीस ठाणे हेच शासनाचे मुख आणि तेच त्याचे हात होऊन बसतात. तहसीलदार दूर असतो, न्यायाधीश त्याहून दूर असतो, उच्च न्यायालय तर भामरागडाहून तीनशेहून अधिक किलोमीटरांवर नागपुरास असते. ठाणे मात्र जवळ असते.

या मुलखाच्या आठवणीत पहिली येते ती देसाईगंजची रात्र. २६ मार्च १९७२ रोजी एका अल्पवयीन आदिवासी मुलीला तिच्या भावाच्या तक्रारीवरून जबाबासाठी तेथील पोलीस ठाण्यात आणण्यात आले. जबाब संपले, रात्रीचे साडेदहा होत आले, बरोबरच्या माणसांना जाण्यास सांगण्यात आले आणि तिला मात्र थांबविण्यात आले. ठाण्याच्या आवारात तिच्यावर जो अत्याचार झाला, त्याचा खटला चंद्रपूरच्या सत्र न्यायालयातून नागपूर खंडपीठाकडे आणि तेथून सर्वोच्च न्यायालयाकडे गेला. सत्र न्यायालयाने १९७४ साली आरोपींस सोडले, उच्च न्यायालयाने १९७६ साली शिक्षा दिली, आणि सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने दोघा पोलिसांस पुन्हा निर्दोष ठरविले. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लोतिका सरकार या चौघा विधिज्ञांनी १९७९ साली सरन्यायाधीशांस जे अनावृत पत्र लिहिले, त्याने देश हलला, आणि १९८३ साली कोठडीतील बलात्कारासंबंधीचा कायदा बदलला. तिचे नाव लाखो विद्यार्थ्यांनी पाठ्यपुस्तकांत वाचले आहे, म्हणूनच ते येथे पुन्हा लिहिण्याची मला गरज वाटत नाही. पण एका गोष्टीकडे त्या चर्चेत फारसे कोणी पाहिले नाही. जबाब संपल्यावर एका मुलीला ठाण्यात थांबवून घेण्याचा अधिकार त्या रात्री कोणत्या कायद्याने कोणास दिला होता? अत्याचाराचा पुरावा सिद्ध होवो अथवा न होवो, ते थांबवून घेणे हीच एक स्वतंत्र आगळीक होती, आणि शासनाने तिची भरपाई करावयास हवी होती. तिच्यामुळे देशाला नवा कायदा मिळाला. तिच्या पदरात त्यातले काहीही पडले नाही.

देसाईगंजानंतर चार दशकांनी अहेरीचे नाव देशभर गाजले, ते एका दुसऱ्या खटल्याने. पोलिसांच्या कागदांप्रमाणे २२ ऑगस्ट २०१३ रोजी अहेरीच्या बसस्थानकावर नक्षलवाद्यांशी संबंधाच्या संशयावरून तिघांना अटक झाली. त्यांत एटापल्ली तालुक्यातील मुरेवाड्याचे दोन आदिवासी तरुण होते, आणि तिसरा दिल्लीचा एक विद्यार्थी होता, ज्याचे सांगणे असे की, हाताच्या उपचारासाठी आपण हेमलकशाच्या दवाखान्यात चाललो असता पोलिसांनी आपल्याला दोन दिवस आधीच बल्लारशा स्थानकावर पकडले. या तपासाचा धागा दिल्ली विद्यापीठाच्या रामलाल आनंद महाविद्यालयात इंग्रजी शिकविणारे, नव्वद टक्के अपंगत्व असलेले आणि चाकांच्या खुर्चीवाचून हालचाल करू न शकणारे प्राध्यापक जी. एन. साईबाबा यांच्या घरापर्यंत गेला. १२ सप्टेंबर २०१३ रोजी अहेरीच्या न्यायदंडाधिकाऱ्यांच्या वॉरंटावर त्यांच्या विद्यापीठातील निवासस्थानाची झडती झाली. वॉरंट चोरीच्या मालाच्या शोधासाठी होते. संगणक, हार्ड डिस्क, पेन ड्राइव्ह, कागदपत्रे असे बरेच काही त्या दिवशी बांधून नेण्यात आले. ज्या माणसाचा व्यवसायच वाचणे आणि लिहिणे हा आहे, त्याच्या घरातून या वस्तू गेल्या म्हणजे त्याच्या हातातून काय गेले, हे लेखन करणाऱ्या कोणासही समजेल. पंच म्हणून जो इसम घेतला होता, तो निरक्षर होता. देशातील एका मोठ्या विद्यापीठाच्या आवारात पंचनामा वाचू शकणारा एकही माणूस पोलिसांस मिळू नये, याचे आश्चर्य पुढे उच्च न्यायालयालाही वाटले.

साईबाबांना ९ मे २०१४ रोजी अटक झाली. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली खटला भरावयाचा तर शासनाची पूर्वमंजुरी लागते. ती मंजुरी त्यांच्याबाबत ६ एप्रिल २०१५ रोजी, म्हणजे सत्र न्यायालयाने खटल्याची दखल घेऊन आरोप निश्चित केल्यानंतर, देण्यात आली. मधल्या काळात प्रकृतीच्या कारणास्तव जामीन मिळाला, तो गेला, पुन्हा मिळाला. आणि ७ मार्च २०१७ रोजी गडचिरोलीच्या सत्र न्यायालयाने सहा आरोपींपैकी पाचांना जन्मठेप व एकास दहा वर्षांची सक्तमजुरी सुनावली. १४ ऑक्टोबर २०२२ रोजी नागपूर खंडपीठाच्या न्यायमूर्ती रोहित देव आणि अनिल पानसरे यांनी मंजुरीतील दोषावरून सर्वांना मुक्त केले. दुसऱ्याच दिवशी, शनिवार असूनही सर्वोच्च न्यायालयाने बसून त्या निकालास स्थगिती दिली. एप्रिल २०२३ मध्ये तो रद्द करून प्रकरण फेरसुनावणीसाठी पाठविले. फेरसुनावणीत न्यायमूर्ती विनय जोशी आणि वाल्मीकी मिनेझिस यांनी ५ मार्च २०२४ रोजी, मंजुरी सदोष, जप्ती अविश्वसनीय आणि गुन्हा असिद्ध, असे ठरवून पुन्हा सर्वांना निर्दोष सोडले. या वेळी सर्वोच्च न्यायालयाने स्थगिती नाकारली. शिक्षेच्या दिवसापासून बरोबर सात वर्षांनी, ७ मार्च २०२४ रोजी, साईबाबा नागपूरच्या मध्यवर्ती कारागृहाबाहेर आले. त्यांची आई १ ऑगस्ट २०२० रोजी वारली, तेव्हा त्यांना पॅरोल मिळाला नव्हता. २०२१ साली त्यांची नोकरी गेली होती. आणि सुटकेनंतर सातच महिन्यांनी, १२ ऑक्टोबर २०२४ रोजी, हैदराबादेत त्यांचे निधन झाले.

साईबाबांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे, आणि ते योग्यच आहे. पण मला या लेखात थांबावयाचे आहे ते मुरेवाड्याच्या पांडू नरोटे यांच्यापाशी. ते आदिवासी शेतकरी. ज्या भाषेत त्यांच्या अपिलाची सुनावणी चालली, ती इंग्रजी त्यांस येत नव्हती. २५ ऑगस्ट २०२२ रोजी, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, स्वाइन फ्लूने नागपूरच्या शासकीय रुग्णालयात बंदी असतानाच ते मरण पावले. पन्नास दिवसांनी पहिला मुक्ततेचा निकाल आला. त्यांच्या नावापुढेही निर्दोष असे लिहिले गेले. ते ऐकावयास ते नव्हते. नऊ वर्षे एका घरातला कर्ता पुरुष नाहीसा होतो, तेव्हा त्या घराचे किती नुकसान होते, याचा हिशेब करणे अवघड नाही, आणि तो एकदा तपशिलाने करून पाहावा असे मला वाटते.

या भागात रोख पैसा घरात येण्याचा मोठा मार्ग म्हणजे तेंदूपत्ता. उन्हाळ्यात, साधारण मे महिन्यात, दोन-तीन आठवड्यांचा हंगाम असतो. पहाटे अंधारात जंगलात जावयाचे, कोवळी पाने तोडून आणावयाची, दुपारभर घरातल्या सर्वांनी बसून सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधावयाचे आणि संध्याकाळी फळीवर, म्हणजे संकलन केंद्रावर, मोजून द्यावयाचे. ज्याच्या घरात तोडणारे हात अधिक, त्याचे पुडे अधिक. वर्षाचे कपडे, औषध, मुलांच्या वह्या आणि लग्नकार्य यांचा पुष्कळसा आधार हाच पैसा असतो. आता त्या तीन आठवड्यांत घरचा माणूस पंधरा दिवस ठाण्यात 'चौकशीसाठी' बसवून ठेवला, तर कागदावर त्याची अटक नसतेही, कोठडीची नोंद नसतेही. पण त्याचे वर्ष बुडालेले असते. धानाच्या रोवणीच्या वेळी असेच झाले, तर दुसरे वर्षही बुडते. सुटून आलेल्या माणसाला वकिलाची फी, ठाण्याच्या आणि कचेरीच्या खेपांचे एसटीचे भाडे, जामिनासाठी गहाण टाकलेली भांडी किंवा विकलेली बैलजोडी हे सारे फेडावयाचे असते. बेकायदा कृत्ये प्रतिबंधक कायद्याखाली तर आरोपपत्रावाचून १८० दिवस ठेवता येते. त्यात एकामागून एक सारे हंगाम निघून जातात.

कोठडीसंबंधी निदान लेख लिहिले जातात. मालखान्यासंबंधी कोणी लिहीत नाही. कोणत्याही ग्रामीण ठाण्याच्या आवारात नजर टाकावी: भिंतीला लागून मोटारसायकली उभ्या असतात, त्यांच्या चाकांतून गवत वर आलेले असते, सीटा फाटून आतला स्पंज उन्हाने पिवळा पडलेला असतो; एखाद्या ट्रॅक्टरची ट्रॉली एका बाजूस कललेली असते; सायकलींचा ढीग असा एकमेकांत अडकलेला असतो की, मालक आला तरी आपली सायकल त्याला काढता येऊ नये. प्रत्येक वस्तूवर कधी काळी गुन्हा क्रमांकाची चिठ्ठी लावलेली असते; दोन पावसाळ्यांत तिच्यावरील शाई उडून जाते. हा मुद्देमाल कोणाचा तरी संसार असतो. सर्वोच्च न्यायालयाने २००२ साली गुजरातच्या सुंदरभाई देसाई प्रकरणात स्पष्ट बजावले होते की, जप्त वाहने आणि माल ठाण्यात सडत ठेवू नये, छायाचित्र व पंचनामा करून, बंधपत्र घेऊन मालकाच्या सुपुर्द करावा, आणि हे पंधरा दिवस ते महिन्याच्या आत व्हावे. नव्या संहितेच्या ४९७ व्या कलमाने या आदेशास कायद्याचे रूपही दिले. आवारातले गवत मात्र अजून तसेच आहे.

मालखान्यात गेलेल्या मालाचे पुढे काय होते, आणि शासन त्याची जबाबदारी कितपत घेते, याची आपल्या न्यायेतिहासातील सर्वांत बोधप्रद कथा १९४७ सालची आहे. अमृतसरच्या एका सराफी पेढीचे भागीदार सोने-चांदी विकावयास २० सप्टेंबर १९४७ च्या मध्यरात्री मेरठेस उतरले. बाजारातून जात असता तिघा शिपायांनी त्यांना हटकले, कोतवालीत नेले आणि १०३ तोळ्यांहून अधिक सोने व दोन मणांच्या वर चांदी जप्त केली. दुसऱ्या दिवशी ते सुटले, चांदीही पुढे परत मिळाली. सोने मात्र कोतवालीच्या मालखान्यातच राहिले, आणि त्या मालखान्याचा हवालदार ते घेऊन १७ ऑक्टोबर रोजी पाकिस्तानात पसार झाला. पेढीने उत्तर प्रदेश सरकारवर दावा लावला. दिवाणी न्यायालयाने अकरा हजारांवर रकमेचा हुकूमनामा दिला, उच्च न्यायालयाने तो फिरविला, आणि १९६४ च्या सप्टेंबरात सर्वोच्च न्यायालयाने, पोलिसांचा हलगर्जीपणा मान्य करूनही, असे ठरविले की, अटक आणि जप्ती ही शासनाची सार्वभौम कार्ये असल्याने त्यांतील चुकीबद्दल शासन भरपाई देण्यास बांधील नाही. निकाल लिहिणारे सरन्यायाधीश प्रल्हाद बाळाचार्य गजेंद्रगडकर होते. साताऱ्यात जन्मलेले, कामगारांच्या हक्कांसंबंधी ज्यांची दृष्टी अत्यंत उदार होती असे न्यायमूर्ती. ही स्थिती समाधानकारक नाही आणि विधिमंडळाने कायदा करून ती सुधारावी, असेही त्यांनी त्याच निकालात नमूद केले. त्या दशकात तसे विधेयक संसदेत आलेही, पण त्याचा कायदा झाला नाही. गजेंद्रगडकरांविषयी संपूर्ण आदर बाळगून मला असे म्हणावेसे वाटते की, ज्या तत्त्वाचा उगम राजा चूक करीत नाही या इंग्रजी समजुतीत आहे, ते तत्त्व गणराज्यातील एका व्यापाऱ्याच्या सोन्याला लावण्यास त्या न्यायालयाने इतके बांधून घ्यावयास नको होते.

त्याच आसनावर पुढे आणखी एक महाराष्ट्रीय सरन्यायाधीश बसले, यशवंतराव चंद्रचूड. आणि १ ऑगस्ट १९८३ रोजी त्यांनी रुदल साह प्रकरणात जो निकाल दिला, त्याने हे बंद दार प्रथम उघडले. बिहारातील हा कैदी ३ जून १९६८ रोजी निर्दोष सुटला होता, आणि तुरुंगाबाहेर आला तो १६ ऑक्टोबर १९८२ रोजी. चौदा वर्षांच्या या निष्कारण बंदिवासाबद्दल न्यायालयाने आधी दिलेल्या पाच हजारांखेरीज तीस हजार रुपये देण्याचा हुकूम केला. रक्कम अल्प होती, पण तत्त्व मोठे होते: जीविताचा आणि स्वातंत्र्याचा मूलभूत हक्क मोडला, तर दिवाणी दाव्याची वाट न पाहता रिट अर्जावरच शासनाकडून भरपाई देवविता येते. १९९३ साली ओडिशाच्या सुंदरगड जिल्ह्यातील नीलाबती बेहेरा या मातेने कोठडीत मेलेल्या मुलासाठी लिहिलेल्या पत्रावरून सर्वोच्च न्यायालयाने दीड लाख रुपये देवविले आणि अशा दाव्यांत सार्वभौमत्वाची सबब चालणार नाही, असे निःसंदिग्ध सांगितले. १९९६ च्या डी. के. बसू निकालाने अटकेचे नियम घालून दिले. मालाच्या बाबतीतही, १९९४ साली आंध्रातील एका व्यापाऱ्याचे जप्त केलेले खत व धान्य सरकारच्या ताब्यात खराब झाले तेव्हा, न्यायालयाने शासनास जबाबदार धरले आणि मेरठच्या सोन्याचा निकाल पुष्कळच आकुंचित करून टाकला.

महाराष्ट्रातही या वाटेने काहींना न्याय मिळाला. मुंबईच्या गावदेवी ठाण्यात बेकायदा ठेवलेल्या एका महिलेस २०१२ साली उच्च न्यायालयाने अडीच लाख रुपये देवविले. ताडदेव ठाण्यात जामीनपात्र गुन्ह्यात अडकवून ठेवलेल्या एका संगीतशिक्षकाबाबत २०२३ साली दोन लाखांचा हुकूम झाला. दोन्ही ठाणी उच्च न्यायालयाच्या इमारतीपासून काही किलोमीटरांवर आहेत, हे येथे लक्षात घ्यावे. आणि ५ मार्च २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने भटक्या जमातीतील अशा सहा जणांना मुक्त केले, ज्यांना नाशिक जिल्ह्यातील २००३ च्या दरोड्याच्या व खुनांच्या गुन्ह्यात फाशीची शिक्षा झाली होती. महाराष्ट्र शासनाने प्रत्येकास पाच लाख रुपये द्यावेत, असा हुकूम त्या निकालात आहे. अहेरीच्या खटल्यातील सहा जणांची मुक्तता योगायोगाने त्याच तारखेस, पाच वर्षांनी झाली. त्या निकालात भरपाईचा हुकूम नाही.

भरपाई आज न्यायाधीशाच्या विवेकावर, वकिलाच्या कौशल्यावर आणि अर्जदाराच्या ऐपतीवर सोपविलेली आहे. ती मिळाली तर न्यायालयाचा अनुग्रह, न मिळाली तर नशीब. अरुण फरेरा यांचे उदाहरण पाहा. २००७ साली अटक झालेले हे गृहस्थ एकेका खटल्यातून सुटत सप्टेंबर २०११ मध्ये नागपूर तुरुंगाच्या दारातून बाहेर पडले, आणि त्याच दारात साध्या वेशातील पोलिसांनी त्यांस पुन्हा उचलून गडचिरोलीस नेले. मुंबईचा सुशिक्षित माणूस, पुढे स्वतः कायदाही शिकलेला. त्याने बेकायदा अटकेविरुद्ध उच्च न्यायालयात भरपाई मागितली. एटापल्लीचा माडिया माणूस हे कसे करील? १९६२ साली नागपूरच्या एका स्थानबद्धाच्या, हरिकिशनच्या, प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले होते की, स्थानबद्धतेची कारणे माणसाला समजणाऱ्या भाषेत द्यावयास हवीत. त्याला फक्त हिंदी येत होते आणि हुकूम इंग्रजीत होता. मग माडियात कारणे कोण देतो? त्यातच, पोलिसांनी अधिकाराच्या नावाखाली केलेल्या कृत्यांबद्दलच्या दाव्यास महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचे १६१ वे कलम सहा महिन्यांची मुदत घालते. ज्याला स्वतःवरील खटल्यातून सुटण्यास नऊ वर्षे लागतात, त्याने सहा महिन्यांत दावा लावावा ही अपेक्षा क्रूर आहे.

पोलिसांच्या बाजूचाही विचार केल्यावाचून हा विषय पुरा होत नाही. ८ ऑक्टोबर २००९ रोजी लाहेरीजवळ सतरा पोलीस मारले गेले. १ मे २०१९ रोजी, महाराष्ट्र दिनीच, जांभुळखेड्याच्या स्फोटात पंधरा जवान गेले. यांत याच मातीतील, गोंड-माडिया घरांतील मुलेही होती. नक्षलवाद्यांनी खबरे ठरवून मारलेल्या गावकऱ्यांची यादी तर फार लांब आहे. अशा मुलखात संशय वाटला की माणूस उचलावा, ही प्रवृत्ती बळावते हे मी समजू शकतो. परंतु ज्या गावातून निरपराध माणूस उचलला जातो, ते गाव पोलिसांस पुढची खबर देत नाही. तेव्हा चुकीच्या अटकेची किंमत शेवटी त्या जवानांच्याच माथी बसते. चूक झाली तर शासन ती कबूल करते आणि भरून देते, असा अनुभव गावास एकदा आला, तर ठाण्याकडे पाहण्याची दृष्टी बदलेल, असा माझा विश्वास आहे.

जप्तीचे आणखी एक क्षेत्र या जिल्ह्यांत आहे, ते वनखात्याचे. १९२७ च्या वन कायद्याचे ५२ वे कलम वनोपजाबरोबर हत्यारे, होड्या, गाड्या आणि गुरेही जप्त करण्याचा अधिकार देते. त्याच कायद्याचे ६२ वे कलम, त्रास देण्याच्या हेतूने निष्कारण जप्ती करणाऱ्या वनाधिकाऱ्यास वा पोलिसास सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाचशे रुपयांपर्यंत दंड, अथवा दोन्ही, सांगते. कुऱ्हाडी आणि बैलगाड्या जप्त झाल्याच्या हकिकती गावोगाव ऐकू येतात. या ६२ व्या कलमाखाली कोणास शिक्षा झाल्याचे माझ्या ऐकिवात नाही. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबू हे गौण वनोपज ठरविले, धानोरा तालुक्यातील मेंढा-लेखा गावास सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क २००९ साली मिळाला, तरी बांबू विकावयास लागणारा वाहतूक परवाना वनखाते देईना. अखेर २७ एप्रिल २०११ रोजी केंद्रीय मंत्री जयराम रमेश यांनी स्वतः गावात येऊन परवान्याचे पुस्तक ग्रामसभेच्या हाती दिले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांच्यासारखी माणसे गावाबरोबर होती, म्हणून हे घडले. अडवून ठेवलेल्या त्या काळाची भरपाई मात्र कोणी मागितली नाही आणि कोणी दिली नाही. जप्ती जंगलापुरतीच थांबत नाही. चंद्रपुरास, जेथे १६ ऑक्टोबर १९५६ रोजी बाबासाहेबांनी धम्मदीक्षा दिली, त्या दीक्षेच्या स्मृतिसोहळ्यातील पुस्तकांच्या एका दुकानावर या शतकाच्या पहिल्या दशकात पोलिसांनी छापा घालून पुस्तके जप्त केली. त्यांत भगतसिंगांची पुस्तकेही होती. वाचकाच्या हातातून पुस्तक आणि शेतकऱ्याच्या हातातून कुऱ्हाड काढून घेण्याचा अधिकार शासनाला इतक्या स्वस्तात मिळावा, हे मला मान्य नाही.

भारताने १९७९ साली नागरी व राजकीय हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर मान्यतेची मोहोर उमटविली, तेव्हा त्याच्या नवव्या अनुच्छेदास हरकत नोंदवून ठेविली की, बेकायदा अटकेबद्दल शासनाकडून भरपाई मागण्याचा हक्क आमच्या विधिव्यवस्थेत नाही. ती हरकत अजून मागे घेतलेली नाही. जर्मनीत १९७१ पासून यासाठी स्वतंत्र कायदा आहे, आणि निष्कारण बंदिवासाच्या प्रत्येक दिवसास आज ७५ युरो तेथे ठरलेले आहेत. आर्थिक नुकसान वेगळे. आपल्या विधी आयोगाने ऑगस्ट २०१८ मध्ये आपल्या २७७ व्या अहवालात, न्यायमूर्ती बलबीरसिंह चौहान यांच्या अध्यक्षतेखाली, अशा खटल्यांसाठी जिल्हास्तरावर विशेष न्यायालये असावीत, त्यांनी ठराविक मुदतीत निकाल द्यावा, आणि पैशाबरोबरच नोकरी, शिक्षण व पुनर्वसन यांचाही भरपाईत समावेश असावा, अशी शिफारस केली. तो अहवाल तसाच पडून आहे.

दिल्लीची वाट पाहण्याचे मात्र कारण नाही. संविधानाच्या समवर्ती सूचीत दावायोग्य अपकृत्ये हा विषय आहे. म्हणजे महाराष्ट्राचे विधिमंडळ हा कायदा करू शकते, आणि ते दरवर्षी हिवाळ्यात नागपुरास, या जिल्ह्यांच्या उंबऱ्याशी, भरते. बेकायदा ठरलेल्या कोठडीच्या प्रत्येक दिवसाची ठराविक रक्कम, बुडालेल्या हंगामाच्या उत्पन्नाची वेगळी मोजणी, महिन्याच्या आत परत न केलेल्या मुद्देमालाची बाजारभावाने किंमत, मेलेल्याच्या वारसांना हक्क, जिल्हा न्यायालयातच आणि अर्जदाराच्या भाषेत सुनावणी, आणि मुक्ततेच्या निकालापासून मोजली जाणारी मुदत, इतक्या गोष्टी त्या कायद्यात असल्या तरी पुष्कळ होईल. तोपर्यंत ज्यांचा माल ठाण्यात अडकला आहे, त्यांनी मॅजिस्ट्रेटाकडे सुपुर्दनाम्यासाठी अर्ज करावा. अनुसूचित जमातीच्या माणसास उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील देणे हे जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचे कर्तव्य आहे. आणि वाचकांस माझी विनंती आहे की, येत्या हिवाळी अधिवेशनापूर्वी आपण आपल्या आमदारास एक पत्र लिहावे, आणि असे विधेयक आपण मांडणार की नाही, हे त्यांच्याकडून लेखी मागून घ्यावे.